दोनशे तेरा नंबरचा सिल्लिम

बहगत मुतवल्ली यांना मी किती ओळखत होतो, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर द्यायची मला लाज वाटेल. मन्सूरा शहरातल्या एका सरकारी कचेरीत एकवीस वर्षं आमची दारं समोरासमोर होती. कुठली कचेरी ते सांगत नाही, तिथे काहीजण अजून कामावर आहेत. माझ्याकडे जुन्या नकाशांचं दप्तर, त्यांच्याकडे भांडार. त्यांच्या आईचं नाव मला माहीत नाही. त्यांना कुठली गाणी आवडत तेही माहीत नाही. चहात चार चमचे साखर घालत, ढवळत नसत, आणि शेवटचा घोट चमच्याने खात, एवढं माहीत आहे. एवढ्या भांडवलावर कुणाबद्दल लिहू नये. पण दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, आणि त्यांच्या कार्यमुक्तीची गोष्ट माझ्याशिवाय कुणाला खरी सांगता येणार नाही, कारण त्यात चूक माझी होती.

आमच्याकडे सरकारी वस्तू ज्याच्या ताब्यात असते तो तिचा धनी नसतो, ओलीस असतो. निवृत्तीच्या दिवशी शेवटची खुर्ची मोजून दिल्याशिवाय तुमची सुटका नाही. बहगतसाहेबांच्या ताब्यात चारशे बारा वस्तू होत्या आणि प्रत्येकीवर त्यांनी हाताने नंबर रंगवला होता. उंदीर नकाशे खातात म्हणून त्यांनी एक मांजर आणलं. मांजर कागदावर नसल्यामुळे त्याला दूध मंजूर होईना. तेव्हा त्यांनी डेडस्टॉकच्या वहीत नोंद केली : ‘उंदरांचा सापळा, स्वयंचलित, एक.’ एकदा कैरोहून तपासनीस आला आणि त्याने विचारलं, “सापळा कुठाय?”

“जेवायला गेलाय,” बहगतसाहेब म्हणाले.

तपासनीसाने वहीत बरोबरची खूण केली. त्यालाही चारची गाडी गाठायची होती.

ते साठीला पोचले त्याच महिन्यात प्रांताच्या कचेरीने आमच्या इमारतीचा करार केला. सरकारी-खासगी भागीदारी. एक कंपनी स्वतःच्या खर्चाने इमारत नवी करणार. दर्शनी भिंत जुनीच राहणार, पोट नवं होणार. तळमजल्यावरची दुकानं आणि कॉफीघर तीस वर्षं कंपनीचं. वरचे दोन मजले आमचे, लिफ्टसकट. काम होईपर्यंत आम्ही एका बंद पडलेल्या शाळेत, पहिलीच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसायचं.

“म्हणजे लग्नच की हे,” बहगतसाहेब म्हणाले. “आपल्याकडे लग्नात नवरा घरातल्या सामानाच्या यादीवर सही करतो की नाही? पलंग एक, फ्रिज एक, चमचे बारा. उद्या मोडलं तर मोजून परत. इथे सरकार नवरी, कंपनी नवरा. यादीवर सही झाल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडणार नाही.”

“आणि तुम्ही कोण?” मी विचारलं.

“मी नवरीचा मामा, उस्ताझ फिक्री. जेवायला शेवटचा आणि भांडणात पहिला.” उस्ताझ म्हणजे साहेब; मला ते नेहमी तसंच हाक मारत.

त्यांना निघायची घाई होती. त्यांची बायको, नईमाबाई, रास-अल-बर्रला समुद्रकाठी मुलीकडे पुढे गेली होती, आणि जाताना गाद्या, भांडी, पंखा आणि त्यांचे तीन शर्टही घेऊन गेली होती. बहगतसाहेब रिकाम्या घरात एका शर्टावर राहत होते. सकाळी फूल, म्हणजे घेवड्याच्या दाण्यांची उसळ, दुपारी तीच उसळ, आणि रात्री बदल म्हणून वर अंडं. नवा भाडेकरू दोनदा येऊन पडद्यांची मापं घेऊन गेला होता. महिना संपायच्या आत कार्यमुक्तीचा कागद मिळाला नाही तर त्यांना राहायला घर नव्हतं आणि रास-अल-बर्रला जायला परवानगी नव्हती.

हस्तांतरण समितीच्या अध्यक्ष मदाम इन्शिराह. चष्मा साखळीला, पेन हातात. प्रत्येक वस्तूला पेन टेकवल्याशिवाय ती वस्तू आहे असं त्या मानत नसत. दोनशे बारापर्यंत सगळं सुरळीत झालं. मग त्यांनी वाचलं :

“दोनशे तेरा. सिल्लिम, लाकडी, एक.”

शिडी असो की जिना, आम्ही दोन्हीला सिल्लिमच म्हणतो. वहीतला सिल्लिम म्हणजे एक शिडी होती. बहगतसाहेब दरवर्षी ती नकाशांच्या कपाटांमागे आहे असं धरून खूण करत, कारण कपाटं हलवायला चार माणसं लागायची आणि आमच्या कचेरीत एका वेळी चार माणसं कधी नसायची. आता कपाटं ट्रकवर चढली होती. मागे भिंत होती आणि भिंतीवर शिडीच्या आकाराची धूळ होती.

ती शिडी माझ्या गच्चीवर होती.

सतरा वर्षांपूर्वी ईदच्या सुट्टीत, बहगतसाहेब रजेवर असताना, कबुतरांच्या खुराड्यासाठी मी ती कपाटांमागून आडवी ओढून नेली. पहिल्या आठवड्यात परत दिली असती तर ‘आभारी आहे’ म्हणून सुटलो असतो. महिन्याने ‘माफ करा’ म्हणावं लागलं असतं. वर्षाने काय म्हणायचं ते मला सुचेना, आणि पुढे तिच्या पायऱ्यांवर कबुतरं अंडी घालायला लागली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी खोकलो.

बहगतसाहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग हात लांब करून समोर दाखवलं. “हा काय, मदाम! डोळ्यासमोर तर आहे!”

समोर आमचा जिना होता. लाकडी होता. एकच होता.

मदाम इन्शिराह जिन्याकडे गेल्या. कठड्याला पेन टेकवलं. पायऱ्या मोजत वर गेल्या आणि लिहिलं : ‘मिळाला. सुस्थितीत. पायऱ्या सव्वीस.’ त्या दिवशी बहगतसाहेबांनी मला चहा पाजला, आणि मी तो प्यायलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीची इंजिनियर आली. नर्मीन तिचं नाव, डोक्यावर पिवळी टोपी, तिशीची असेल. म्हणाली, “शनिवारी जिना तोडतोय. तिथे लिफ्ट बसणार.”

“दोनशे तेरा नंबरची वस्तू तुम्हाला तोडता येणार नाही,” मदाम म्हणाल्या. “आधी ताब्यात घ्या, सही करा.”

“मदाम, जिना म्हणजे इमारत. इमारत आम्हाला तीस वर्षांसाठी दिलीय तुम्ही.”

“वहीत हा जंगम माल आहे.”

“मग हलवा!”

“हलवायची जबाबदारी भांडारपालांची. बहगतसाहेब, हलवा.”

बहगतसाहेबांनी जिन्याकडे पाहिलं. “एकट्याने?” त्यांनी विचारलं.

नर्मीन सही करायला तयार नव्हती, आणि तिचंही बरोबर होतं. मालाच्या यादीत जिना घेतला तर तीस वर्षांनी तिच्या कंपनीला तोच जिना, सव्वीस पायऱ्यांसकट, सुस्थितीत परत द्यावा लागला असता. मदाम सही मिळाल्याशिवाय कार्यमुक्तीचा कागद देईनात. तीन दिवस हे चाललं. बहगतसाहेब सकाळी येऊन चौथ्या पायरीवर बसत, म्हणजे कुणी जिना चोरू नये. नर्मीनचे मजूर त्यांच्या बाजूने वाकून जात आणि म्हणत, “मामा, जरा पाय घ्या.” मामा ही पदवी मजुरांच्या कानावर कुणी घातली ते मला माहीत नाही. मी नाही.

गुरुवारी सकाळी पाहिलं तर त्यांच्या शर्टाची कॉलर उलटी करून घातली होती, दुसरी बाजू स्वच्छ म्हणून. ते पाहून मला राहवेना. मी तिसऱ्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. शिडी, ईद, कबुतरं, अंडी.

मला वाटलं, मारतील.

“फिक्री,” उस्ताझ न लावता ते म्हणाले, “आत्ताच का सांगितलंस, बाबा?”

“म्हणजे?”

“अरे, वस्तू कमी पडली तर दंड होतो. जास्त निघाली तर चौकशी होते! समितीने एक सिल्लिम लिहून घेतलाय. आता तू दुसरा आणणार. सरकारी खात्यात जादा सिल्लिम कुठून आला म्हणतील? तो काय व्यालाय?”

“मग नको आणू?”

“आण. पण तिला न्हाऊ घालून आण.”

मी गच्चीवर जाऊन शिडी धुतली. कबुतरांनी माझ्याशी संबंध तोडले. दुपारच्या नमाजानंतर रिक्षावर आडवी टाकून ती कचेरीत आणली. वाटेत एका फळवाल्याची छत्री पडली, ती मी उचलून दिली. बहगतसाहेबांनी तिच्यावरचा नंबर ओल्या फडक्याने पुसून वाचला. दोनशे तेरा. त्यांच्याच हातचा. त्यांनी शिडी भिंतीला लावली आणि आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभे राहिलो, फोटो काढायला उभे राहतात तसे.

मदाम इन्शिराह आल्या. त्यांनी शिडीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, वहीत पाहिलं.

“यातला दोनशे तेरा कोणता?”

मी आयुष्यात कुठल्याही समितीपुढे बोललो नव्हतो. म्हणालो, “मदाम, ही शिडी. मी नेली होती. सतरा वर्षांपूर्वी. चूक माझी. बहगतसाहेबांचा दोष नाही.”

“नेल्याचा कागद आहे?”

“नाही.”

“तुमची सही? अर्ज? कुणाची मंजुरी?”

“काहीच नाही, मदाम.”

“मग तुम्ही नेली नाही,” त्या म्हणाल्या. “उगाच मोठेपणा घेऊ नका. कागद नाही म्हणजे ती इथेच होती.”

नर्मीन मागे उभी होती. ती पटकन म्हणाली, “बरोबर! म्हणजे जिना इमारतीतच जमा. सुटला प्रश्न!”

“सुटला कसा? मी पायऱ्या सव्वीस लिहिल्यात. शाईने.” मदामनी शिडीच्या पायऱ्यांना एकेक पेन टेकवलं. “या तेरा आहेत.”

बहगतसाहेब भिंतीला टेकले. मीही टेकलो असतो, पण तिकडे शिडी होती. तेवढ्यात मदामनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“चढताना तेरा,” त्या सावकाश म्हणाल्या. “उतरताना?”

“तेरा!” बहगतसाहेब जवळजवळ ओरडले.

“मग माझी मोजणी बरोबर आहे. घ्यायला कोण सही करतंय?”

नर्मीनने दोन्ही हात वर केले. कंपनीला जंगम माल घेता येत नव्हता. शाळेतल्या भांडाराला अजून माणूस नेमलेला नव्हता. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. माझी नोकरी अजून तीन वर्षं होती. मी पेन घेतलं आणि सतरा वर्षं उशिरा सही केली : ‘सिल्लिम, लाकडी, एक, मिळाला.’ शाळेत ती ठेवायला जागा नसल्यामुळे मदामनी तोंडी हुकूम दिला की नेमणूक होईपर्यंत वस्तू माझ्या घरी ठेवावी.

बहगतसाहेबांना कागद मिळाला. त्यांनी तो तीनदा वाचला, शिक्क्यावरच्या गरुडावर फुंकर घातली, आणि टोपीत ठेवला. शनिवारी जिना तुटला. तो आवाज ऐकायला ते थांबले नाहीत. सकाळीच मिनीबसच्या तळावर गेले. मी पोचवायला गेलो. मला बोलायचं बरंच होतं. गेली सतरा वर्षं त्यांनी माझ्यासाठी दरवर्षी खोटी खूण केली, ती नकळत की कळून, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. पुढे त्यांची माझी भेट झाली नाही. दोन हिवाळ्यांनी ते गेल्याचं सांगायला त्यांच्या मुलीचा फोन आला. तीच मला म्हणाली की बाबा तुमचं नाव घ्यायचे. काय म्हणून घ्यायचे, तेही मी विचारलं नाही.

गाडी भरत आली होती. ते दारात एक पाय ठेवून मागे वळले.

“फिक्री, समुद्र कुठल्या बाजूला लागतो?”

“शेवटी दोन्हीकडे.”

“मग ऊन कुठल्या बाजूला नाही तिथे बसतो.”

“डावीकडे बसा.”

“डावीकडे तो कोंबड्यावाला बसलाय.”

“मग उजवीकडे.”

“बरं,” ते म्हणाले आणि डावीकडे जाऊन बसले.