मामांचा मागचा टायर

अलिबागपासून हरिहरेश्वरापर्यंत सगळा किनारा पालथा घातलात तरी टायरवर पोटच्या पोरासारखी माया करणारा दुसरा माणूस तुम्हाला मिळायचा नाही. तो माझ्या बायकोचा मामा लागतो, हे माझं भाग्य. मामांची उभी हयात डेपोत बसचे टायर तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर घरी बसावं, तर लेकीने मुडपलेल्या हँडलची रेसिंग सायकल भेट दिली. तेव्हापासून रोज सकाळी सहाला, डोक्यावर हेल्मेट आणि अंगात डेपोतला जुना खाकी शर्ट अशा थाटात सडुसष्ट वर्षांचे मामा चौलच्या गल्लीतून बाहेर पडतात. या सायकलच्या टायरात ट्यूब नसते. पोटात पांढरं औषध ओतलेलं असतं. काटा घुसला की ते भोकाशी सुकतं आणि भोक बुजतं. मामा त्याला ताक म्हणतात. दर रविवारी चाक कानाशी धरून हलवतात आणि "डुचमळतंय" म्हणाले की घरादाराने हुश्श करायचं. उन्हाने ताक आटलं असेल, तर नवं ओतेपर्यंत त्यांना घास गोड लागत नाही. माझ्या साहेबांना एकदा मी त्यांच्याकडे नेलं होतं. मामांनी ओळखपाळख व्हायच्या आत चाक त्यांच्या कानाला लावलं आणि म्हणाले, "ऐका." साहेबांनी ऐकलं आणि "फार छान आहे," म्हणाले. मामा आजही त्यांची आठवण काढतात.

मग तळा गावाहून परतताना एका उतारावर खडीवरून सायकल घसरली आणि मामांचा खांदा निखळला. मामींनी दवाखान्यातच निकाल दिला. "हा मागचा टायर हाय तोवर फिरा. तो संपला की सायकल माळ्यावर. आणि संपला का न्हाय ते तुम्हीच सांगायचं, मला त्यातलं कळत न्हाय." सायकलवर बसणाऱ्याचं वजन मागच्या टायरवर, म्हणून तोच आधी झिजतो, हे मामांना पक्कं ठाऊक. तरी त्यांनी शब्द दिला. सायकलच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, इथल्या रस्त्यांवर वर्षभर गेला तरी नशीब समजा. खांद्यापेक्षा मामांना ते वाक्य जास्त लागलं.

त्यानंतर त्यांनी त्या टायरची जी बडदास्त ठेवली, तशी आमच्याकडे कुठल्या जावयाची झालेली नाही, आणि हे मी अनुभवाने सांगतो. घरी आले की आधी गोड्या पाण्याने टायरवरचं खारं धुऊन काढायचं, मग स्वतःचे पाय. चहाच्या टपरीवर सायकल सावलीला उभी आणि मामा उन्हात. जेटीवर मासळीचे काटे आणि शिंपल्या दिसल्या की सायकल थेट खांद्यावर, तोही दुखऱ्या. आगरदांड्याच्या फेरीबोटीत लोक मुलं मांडीवर घेतात, मामा मागचं चाक सोडवून मांडीवर घेत. वाट खराब असेल तर हवा थोडी उतरवत. "कडक टायर खडीवर फाटतो, जावईबापू. नरम असला की खडी पचवतो." आतून मामींचा आवाज आला, "मग खांद्याला का न्हाय पचली?"

वर्ष गेलं, दुसरा शिमगाही गेला, टायर चालूच. अशा टायरच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढी दोन भोकं असतात. ती झिजून सपाट झाली की टायरचं आयुष्य सरलं. हे घरात फक्त मामांना ठाऊक होतं. रोज निघण्यापूर्वी डोळे मिटून ते त्यावरून अंगठा फिरवत. मनात आणलं असतं तर आणखी सहा महिने ते गप्प बसू शकले असते, कोणाला पत्ता लागला नसता. पण एका संध्याकाळी, मी तिथे मुक्कामाला असताना, ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "संपला." भाकरी थापणारा मामींचा हात थांबला. मामा पुढे एवढंच म्हणाले की डेपोत असला टायर त्यांनी कधी रस्त्यावर जाऊ दिला नाही. मग त्यांनी स्वतःच सायकल माळ्यावर चढवली. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना जाग आली ती खराट्याच्या आवाजाने. मामी झाडत होत्या; अंगण नव्हे, डांबरी रस्त्यापर्यंतची आख्खी गल्ली. मध्येच वाकून बाभळीचे काटे, फुटक्या शिंपल्या पदरात गोळा करत होत्या. मी विचारलं, हे रोजचं का?

"खांदा निखळला तवापासनं. त्यांना सांगू नका."

"पण मामी, आज कशाला?"

त्या खराटा धरून उभ्या राहिल्या. आपण आज कशाला झाडतोय, हे त्यांच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं. "तसला टायर मागवा," त्या हळूच म्हणाल्या. "मागचाच. शब्द मी घेतलेला, मीच सोडते." आणि वळून पाहतो, तर मामा मागे दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

नवा टायर आला. मामांनी डोळे मिटून त्या दोन भोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "खोल हायत." मामी म्हणाल्या, "हा संपेपर्यंतच."

हल्ली मामा रेवदंड्यापर्यंतच जातात. टायर जपायला हवा म्हणतात, खांद्याचं बोलत नाहीत. मामी अजून गल्ली झाडतात. वाकायला त्यांना आता वेळ लागतो, म्हणून सहाचे साडेसहा होतात. तोवर मामा डोक्यावर हेल्मेट घालून दारात थांबलेले असतात.