मिश्रीला आम्ही तंबाखू म्हणत नव्हतो

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, त्याबद्दल माफ करा. चारचौघांत बोलता येत नाही म्हणून लिहिते.

शिरूरच्या दवाखान्यात ईसीजीचा कागद बघून डॉक्टर म्हणाले, "दाढेचं काही नाही. हे हृदयाचं दुखणं आहे. आजच पुण्याला न्या."

आम्ही दाढ दाखवायलाच गेलो होतो. आईचा डावा जबडा चालताना दुखायचा, बसली की थांबायचा. दाढ दुखली की आमच्याकडे बायका मिश्री जास्त लावतात, तशी तिनेही लावली. तव्यावर तंबाखू भाजून पूड करतात, ती मिश्री. वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच असते.

पुण्यात अँजिओग्राफी झाली. हातातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्या बघतात. तीन ठिकाणी बंद निघाल्या. मग बायपास ठरलं. पाट बुजला की आपण शेजारून चारी काढून पाणी पुढे नेतो, तसं पायातली शीर काढून हृदयावर जोडतात. त्यासाठी छातीचं हाड मधोमध कापून नंतर तारेने बांधतात. हे ऐकून मी जिन्यात जाऊन बसले.

ऑपरेशनआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, बिडी, तंबाखू काही?"

आई लाजून हसली. "मी बाईमाणूस. मी कशाला तंबाखू खाऊ?"

मीही नाही म्हणाले. आम्ही खोटं बोललो नाही. मिश्री दाताला लावायची, ती तंबाखूत कोण धरतं?

आयसीयूत आईच्या तोंडात नळी होती, हात पलंगाला बांधलेले. तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं नाही. बाहेरच्या बाकड्यावर मला वाटत राहिलं, हिला मरू तरी नीट द्यायला हवं होतं.

घरी आणल्यावर ती जेवेना, बोलेना. यवतहून सुमामावशी, तिची धाकटी बहीण, भेटायला आली.

"सुमे, जीव नुसता कासावीस झालाय. चिमूटभर दे की."

मावशीने कमरेची डबी काढली. त्या दिवशी आई अर्धी भाकरी जेवली, तेव्हा मलाही बरं वाटलं. मावशी जाताना पुडी ठेवून गेली.

पुढे छातीचे टाके ओले राहू लागले, वास येऊ लागला. पुन्हा पुणं. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन आहे, म्हणजे जखमेत जंतू झालेत, हाडापर्यंत गेलेत. मग त्यांचं लक्ष आईच्या काळ्या हिरड्यांकडे गेलं.

"हे काय लावता?"

"मिश्री."

ते माझ्याकडे वळले. "ताई, ही तंबाखूच. हिने रक्तवाहिन्या आवळतात, जखमेला रक्त पोचत नाही. नुसतं हिनेच झालं असं नाही. पण ही चालू राहिली तर हाड जुळणं अवघड आहे."

छाती पुन्हा उघडून साफ केली. पहिलं ऑपरेशन सरकारी योजनेत झालं होतं, या वेळचा खर्च त्यात बसला नाही. मावशीने सोन्याच्या पाटल्या मोडून पैसे दिले. आईने मात्र निरोप धाडला, "सुमीला म्हणावं, आमच्या घरी येऊ नगंस."

मावशी आली नाही. मी कंपनीच्या मेसला पोळ्या लाटून तिचे पैसे थोडे थोडे यवतला पोचवत राहिले. इकडे आई भिंतीकडे तोंड करून रिकामं बोट हिरडीवरून फिरवायची. जखम तळातून भरत आली, फार सावकाश. अजून तिला पाण्याचा हंडा उचलता येत नाही. गार वारा सुटला की तार दुखते म्हणते.

तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन असेल तर मिश्रीचं डॉक्टरांनी न विचारताही सांगा. आणि चालताना जबडा दुखला तर दाढ म्हणून घरी बसू नका.

शेवटचे पैसे द्यायला मी निघाले तेव्हा आई म्हणाली, "मी बी येते." मावशी आम्हाला बघून उंबऱ्यातच थांबली.

"आक्का, राग गेला व्हय?"

"राग कवाच नव्हता," आई ओट्यावर टेकत म्हणाली. "तू समोर आलीस की मी मागितली असती. आन् तुला न्हाई म्हणता येत न्हाई."

मावशीने चूळ भरली. पैसे न मोजताच पदराला बांधले आणि आईच्या शेजारी बसली, तोंडातल्या मिश्रीचा वास तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून जरा अंतर ठेवून.

"फिटलं सगळं, आक्का," ती म्हणाली.