कापसाच्या काट्यावर

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली तेव्हा कापसाची वेचणी जोरात होती. ती यवतमाळला कॉलेजात शिकते. तिथल्या एका साडीच्या दुकानाने लग्नसराईच्या साड्या नेसवून फोटो काढायला काही मुली निवडल्या होत्या, त्यात ती होती. दुकानातल्या बाईने तिला एवढंच सांगितलं होतं की थोडी बारीक हो, फोटोत माणूस भरलेलं दिसतं.

मोबाइलवर कुठल्याशा मॉडेलचा दिवसभराचा आहार तिने शोधून ठेवला होता. सकाळी लिंबूपाणी, मग काकडी, दुपारी मोड आलेले मूग, संध्याकाळी सूप. सूपची पाकिटं ती सोबत घेऊन आली होती. आम्ही भाकरी आणि तुरीचं वरण खायचो, ती शेजारी बसून काकडी खायची.  मला पटकन बोलता येत नाही, घरातही नाही.

माझं उलटं होतं. लग्नाची झाले तेव्हा मी काडीसारखी होते. पाहुणे पाहायला यायचे, चहा प्यायचे आणि पोरगी कामाला टिकणार नाही असा निरोप पाठवायचे. आई मला रोज गूळ-शेंगदाणे खाऊ घालायची. अंगाला काही लागलं नाही. शेवटी यांच्या घरचे आले त्या दिवशी तिने मला साडीखाली दोन परकर घातले आणि दंड झाकायला लांब बाह्यांचं पोलकं. जमलं. त्यामुळे बारीक होण्यासाठी कोणी उपाशी राहतं, हे मी सुरुवातीला नुसतं बघत होते.

आमच्या घरात माणसाच्या वजनाचा काटा नाही. शेतात धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाला कापूस मोजायचा काटा टांगलेला असतो. गाठोडं हुकाला अडकवायचं आणि आकडा बघायचा. मुलगी सकाळी वेचणाऱ्या बायका यायच्या आत त्या हुकाला जुनी चादर बांधून झोळीत बसायची. एकदा बायका लवकर आल्या. शेजारची काकू दरवर्षी आमच्याकडे वेचायला येते. ती थांबून बघत राहिली.

"काय व, आज कोणचा माल आला काट्यावर?"

"काकू, हसू नको न."

"हसून नाही राह्यली मी. कडता किती कापू ते सांग."

कापूस ओला असला की व्यापारी वजनातून थोडं कापून घेतो, तो कडता. दवात वेचलेला कापूस जड भरतो आणि उन्हात पसरला की हलका होतो, हे इथे लहान पोरालाही माहीत असतं. सगळ्या हसल्या, मुलगीही हसली. पण तिने ते मनात धरलं. पाणी म्हणजे वजन, असा तिने अर्थ लावला. दुसऱ्या दिवसापासून लिंबूपाणी बंद झालं. माठाजवळ जायची, चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. आकडा खरंच उतरला. ती खुशीत होती, आणि दिवसभर माझ्यासोबत कमरेला कापडाची ओटी बांधून कापूस वेचत होती.

एका दुपारी ती ओळीतच खाली बसली. मला वाटलं दमली असेल. जवळ गेले तर ओठ पांढरे पडलेले, हाक मारली तर ओ नाही. काकूने आपल्या ओटीतला कापूस खाली ओतला आणि त्यावर तिला निजवलं. तिने डोळे उघडल्यावर मी मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजलं.

"पाणी काहून पेली नाही व?" काकूने विचारलं.

"वजन भरते."

"तू का कापूस हायेस? मी गमतीनं बोललो, अन् तू खरं धरून बसली."

त्यानंतर त्या वेचणीत काकूने कोणाची थट्टा केली नाही.

आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सने तिला तपासलं, वजन केलं. उंचीच्या मानाने आधीच कमी आहे, म्हणाली.  फोटोला जाणार का नाही, हे मुलीने सांगितलं नाही. सुट्टी संपत आली तेव्हा मीच म्हटलं, "फोटोले मी येतो तुह्यासंगं." ती माझ्याकडे बघत राहिली, कारण बँकेतही मी कोणाशी बोलत नाही.

यवतमाळच्या त्या दुकानात मी मागे स्टुलावर बसले. सगळ्या मुलींना एकाच मापाचे ब्लाउज होते. माझ्या मुलीला तो ढगळ झाला. तिथल्या बाईने पाठीकडून कापड गोळा केलं आणि कपडे वाळत घालायचे चिमटे ओळीने लावले. दुसरी मुलगी अंगाने भरलेली होती, तिचे हुक उघडेच ठेवून मागे नाडी बांधली. पुढून दोघींना ब्लाउज अंगावर शिवल्यासारखा बसला.

"असंच करता का?" मी विचारलं.

"सगळ्याइचं असंच, ताई. मागून कोण पाह्यते?"

मुलीने मान वळवून आरशात आपली पाठ पाहिली. बराच वेळ पाहिली.

परत येताना एसटीत मी तिला माझ्या परकरांचं सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"दोन?"

"एकावर एक. अन् उन्हाळा होता."

ती इतकी हसली की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. वाटेतलं दिग्रस यायच्या आधी तिने बाटलीतलं पाणी संपवलं.

काकडी ती अजूनही खाते, भाकरीसोबत. घरी आली की शेतात निघताना माठाजवळ उभी राहून पाणी पिते. निंबावरचा काटा आता कापसालाच लागतो.