अर्ध्यावर सोडलेला खेळ

भाताचा ताजा पेंढा दवाने भिजला की त्याला एक गोडसर, किंचित कुबट वास सुटतो. तो वास नाकाशी आला की मला आजही अंधारात पांढऱ्या पडद्यावर थरथरणारी माणसं दिसू लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत पौषाच्या सुमारास मुरबाडला फिरत्या सिनेमाचा तंबू येई. कापणी होऊन मोकळ्या झालेल्या शेतात तो उभा राही. धसकटं टोचू नयेत म्हणून खाली पेंढा अंथरलेला असे, मधल्या दोरीच्या एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला आम्ही बायका बसत असू, आणि कनातीपलीकडे तेलाच्या इंजिनाची धडधड अखंड चालू असे, एखाद्या मोठ्या जनावराच्या छातीला कान लावून बसल्यासारखी.

माझं माहेर शहापूरचं. तिथे असताना सिनेमा हा शब्द मी ऐकला होता तो केवळ वडिलांच्या कपाळावरच्या आठ्यांसह. लग्न होऊन आले ती मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या रस्त्यावर कोसभर अंतरावरच्या एका लहानशा गावात. माझे यजमान तिथे शाळामास्तर होते. सारा गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि नाव घेण्याची रीत नसल्यामुळे मनातल्या मनात मीही मास्तरच म्हणत असे. मास्तरांना सिनेमाचं विलक्षण वेड होतं. मात्र शेवटपर्यंत बसून पाहिलेला असा एकही सिनेमा त्यांच्या पदरी नव्हता. पडद्यावर काही खोटं दिसलं की त्यांना ते सोसत नसे. वनवासातल्या राजाच्या उपरण्याची घडी मोडलेली नाही, भुकेने मरणाऱ्या पोराचे गाल गुबगुबीत आहेत, एवढंही त्यांना पुरे होई. मग ते उठत, दोरीपाशी येऊन एकदा खाकरत, आणि त्या खाकरण्यासरशी मी पदर सावरून उभी राही.

अशा रीतीने माझ्या मनात अर्धवट माणसांची एक वस्तीच झाली होती. कुणी राणी नदीच्या काठी उभी होती ती उभीच राहिली. कुणा आंधळ्या बापाचा मुलगा दाराशी आला, पण दार उघडलंच नाही. पहाटे जात्यावर बसले की मी त्यांना एकेकाला घरी पोचवत असे. तरीही त्यांच्यातली काही माझं ऐकत नसत. ती तशीच थांबून राहत, आणि पिठाच्या त्या मंद घरघरीत मला उगाचच वाटे, की आपण त्यांना सोडून आलो आहोत हे त्यांना ठाऊक आहे.

ज्या संध्याकाळविषयी सांगते आहे, तेव्हा संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. दिवेलागणीलाच खेळ सुरू झाला. नवऱ्याने रानात टाकून दिलेल्या एका स्त्रीची कथा होती. ती स्त्री रडत होती, आणि रडता रडता केसांतलं फूल जागेवर आहे की नाही हे बोटांनी चाचपून पाहत होती. तिच्या मागे रंगवलेली झाडं होती. त्यांतल्या एका झाडाची सावली सरळ आभाळावर पडली होती. कर्ण्यातून येणारा तिचा तो लांबलचक हुंदका काही केल्या संपेना. मास्तर आता उठतील, आता उठतील असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते उठावेत असं त्या दिवशी प्रथमच मलाही वाटत होतं. अखेर दोरीपाशी खाकरणं ऐकू आलं.

माझ्या शेजारच्या म्हातारीने माझा पदर ओढला. "अगो बस ना! आता तिला वाघ खायाचाय."

"तुम्हीच सांगा उद्या, खाल्लं की नाही ते," मी म्हटलं आणि बाहेर आले.

बाहेर इतकं चांदणं होतं, की कंदिलाची ज्योत मास्तरांनी अगदी बारीक केली. गावाबाहेर पडताच धुकं लागलं. ते शेतांवर गुडघाभर उंचीचं साचलं होतं; बांध बुडाले होते आणि बांधांवरची झाडं तेवढी पाण्यातून वर आल्यासारखी दिसत होती. समोर दूरवर माळशेजाचे डोंगर काळ्या ढगासारखे उभे होते, आणि त्यांच्यावरून उतरलेला गार वारा तोंडावर येत होता. मागे राहिलेल्या तंबूतून त्या बाईचं रडणं आमच्या पाठोपाठ येत होतं.

"काय ते रडणं!" मास्तर म्हणाले. "असं कुणी रडतं का? खरं दुःख असलं म्हणजे माणूस गप्प होतो."

मी हूं म्हटलं. बराच वेळ आम्ही चालत राहिलो. मुरबाडचे दिवे दिसेनासे झाले, वळण गेलं, तरी रडणं येतच होतं. आता ते बारीक झालं होतं, पण कमी झालं नव्हतं. मधूनच थांबे, आणि आम्ही दहा-वीस पावलं गेलो की पुन्हा सुरू होई. त्यात कसली तरी चूक आहे असं मला सारखं वाटत होतं, पण ती हाती लागत नव्हती. मग एकदम लक्षात आलं, की इंजिनाची धडधड ऐकू येत नाही.

"अहो, इंजिनाचा आवाज थांबलाय."

"लांब आलो आपण. वाऱ्यावर बारीक आवाजच तेवढा येतो."

"पण वारा समोरून येतोय."

मास्तर थांबले. त्यांनी तोंड वळवून वाऱ्याचा अदमास घेतला आणि पुन्हा चालू लागले. मात्र त्यांची पावलं आता झपाझप पडत होती. थोडं पुढे रस्त्याला एक ओहोळ आडवा येई, आणि त्याच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत, ऐनाचं एक जुनं झाड होतं. त्या झाडापाशी आमचं गाव नेहमीच मान खाली घालून, भराभर चाले. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नवी सून, विचारलंही नव्हतं. आम्ही झाडाच्या जवळ आलो, आणि ते रडणं मागून यायचं थांबून बाजूने आलं.

"कोन हाय का गो?"

सिनेमातल्या त्या बाईचे नाथ आणि प्राणनाथ मी तासभर ऐकले होते. तिच्या तोंडी आमच्या गावची बोली कुठून येणार?

आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं, की रात्री अशी हाक आली तर ओ देऊ नये. तिसऱ्यांदा आली तर ती माणसाची समजावी. मास्तर शाळेत मुलांना भुतं नसतात असं शिकवीत; घरी मी घाबरले तर हसत. त्या क्षणी मात्र त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि कुजबुजले, "ओ देऊ नकोस."

"कोन हाय का गो?"

त्या शेवटच्या 'गो'वर माझं मन अडलं. गो म्हणजे बाईला घातलेली साद. रस्त्यावर आम्ही दोघं होतो, पण ती हाक मास्तरांना नव्हती. तिसऱ्या हाकेची वाट पाहण्याइतका धीर मला नव्हता. की भीतीच इतकी झाली होती की ती संपवून टाकावीशी वाटली, कोण जाणे. मी हात सोडवून घेतला आणि ओरडले, "ओ! आले गं, आले!"

आवाज तिथेच तुटला. दोरा तुटावा तसा. नंतर हुंदका नाही, कण्हणं नाही. धुकं नुसतं झाडाच्या बुंध्याभोवती संथ फिरत होतं.

मास्तरांनी कंदिलाची वात वाढवली. बुंध्याशी एक बाई पडली होती. दिवस भरलेली, गुडघे पोटाशी घेतलेली. पदराचा बोळा तिने तोंडात कोंबला होता आणि दात त्यावर इतके घट्ट रोवले होते, की गालांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. आम्हाला पाहून तिचे डोळे विस्फारले. सुटकेचा भाव त्यांत कुठेच नव्हता. आम्ही कोण आहोत असं तिला वाटलं असेल, ते त्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

"बाई आहे मी, माणूस आहे," मी तिच्याजवळ बसत म्हणाले आणि तिचा हात माझ्या गालावर ठेवला. "बघ, गाल ऊन लागतोय ना?"

तेव्हा तिने बोळा काढला आणि आम्ही दोघींनी एकदमच श्वास घेतला. तिचं नाव ठमी. सासर वैशाखऱ्याच्या बाजूचं. नवरा रानात कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेला. ती पहिलटकरीण, एकटीच आईकडे निघालेली, आणि वाटेत कळा सुरू झालेल्या.

मास्तर सुइणीला आणायला गावाकडे धावत सुटले. त्यांचं पांढरं धोतर धुक्यात दिसेनासं झालं आणि मी, जिने कधी बाळंतपण पाहिलंही नव्हतं, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. कळ आली की ती माझा दंड पिरगाळी. कळ ओसरली की डोळे उघडी. परंतु ती माझ्याकडे पाहत नसे. माझ्या खांद्यावरून, पलीकडे बुंध्याकडे पाही, आणि हळूहळू शांत होई, जसं एखादं लेकरू ओळखीचं माणूस जवळ बसलेलं पाहून शांत होतं. माझ्या पाठीवर गारवा उतरत होता. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहावंसं वाटलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण ती ज्या आधाराने तगून होती, तो माझ्या पाहण्याने हलला असता तर?

गोमी सुईण मास्तरांसोबत बैलगाडीतून आली तेव्हा मूल अर्धं या जगात आलं होतं. मुलगी झाली. आधी रडेना. गोमीने तिला पालथी धरून पाठीवर दोनदा थोपटलं, आणि मग ती अशी रडली, की ओहोळापलीकडच्या झाडांवरून पाखरं उठली. तंबूतलं ते रडणं आणि हे रडणं, दोन्ही एकाच रात्री माझ्या कानांनी ऐकली.

मायलेकींना आम्ही आमच्याच घरी आणलं. सकाळी शेजारचा धर्मा अंगणात आला. तो आदल्या रात्री तंबूत मागे राहिला होता.

"मास्तर, तुमी उठलात ते ब्येस केलात. तुमी भायेर पडलात नि वाइच वेळानं इंजान बंद पडला. काय केल्या चालू व्हईना. सगली मानसं घरला गेली. पुढं कायच ऐकाया मिळाला नाय."

मास्तरांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. आमची नजरानजर झाली. वळणापासून झाडापर्यंत आमच्या पाठोपाठ चालत आलेलं ते रडणं सिनेमाचं नव्हतं. मग ते ठमीचंच असणार, असं मी स्वतःला समजावलं. रानात, धुक्यात आवाजाची दिशा कळत नाही. या समजुतीवर मी बारा दिवस निर्धास्त राहिले.

बाराव्या दिवशी ठमीची आई तिला न्यायला आली. गोमी ओसरीवर पाय पसरून बाळाला तेल लावत होती. निरोपाच्या वेळी काहीतरी हलकं बोलावं म्हणून मी म्हटलं, "केवढ्या लांबवर ऐकू येत होती गं तुझी हाक!"

ठमी माझ्याकडे पाहतच राहिली. "मी हाक नाय मारली, बाय."

"अगं, दोनदा मारलीस. कोन हाय का गो, म्हणून."

"कवा मारनार? तोंडात पदर व्हता ना माझ्या. तुमी आलात तवा बघितलात नाय का? त्या झाडाखाली सबूद काढू नये, आय सांगते. मी मरत व्हते तरी सबूद नाय काढला."

गोमीचा तेलाचा हात बाळाच्या छातीवर थांबला. दारात मास्तर उभे होते. तेही हलले नाहीत. कुणाकडेही न पाहता गोमी बोलली.

"माझ्या सासूच्या टायमाची गोष्ट. अशीच एक बाय तिथं आडली व्हती. रातभर हाका मारीत व्हती. रस्त्यानं बाजाराची मानसं चालली व्हती, समद्यांनी ऐकला. पन कुनी ओ दिली नाय." तिने बाळाची मूठ उघडून तळव्याला तेल लावलं. "जित्ती व्हती तवाच तिला भूत केली."

ठमीने लेकीला उचलून पदराखाली घेतलं, मला वाकून नमस्कार केला आणि आईच्या मागोमाग रस्त्याला लागली. त्या झाडापाशी ती थांबली की मान खाली घालून गेली, ते आमच्या ओट्यावरून दिसण्यासारखं नव्हतं.

भीती वाटते ती कशाची, याचा मी त्या दिवसांत फार विचार केला. माझ्या लहानपणापासून मी ऐकत आले होते, की अशी बाई वाटेवरच्यांना भुलवते, बाळंतिणींवर टपून बसते. तिला आणखी काही हवं असेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मास्तरांशी मी याविषयी एकदाच बोलले. ते म्हणाले, "मला ठाऊक नाही," आणि त्यांच्या तोंडून हे शब्द मी प्रथमच ऐकले.

चैत्रात एका दुपारी मी एकटीच तिकडे गेले. ओहोळ आटला होता, ऐनाची पानं गळून गेली होती, आणि त्याच्या मगरीच्या पाठीसारख्या सालीवर ऊन स्वच्छ पडलं होतं. भिण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. वाळलेल्या पानांत सरडा सरकला तेवढाच आवाज. मी कान देऊन पुष्कळ वेळ उभी राहिले. कुणी हाक मारली नाही. तेव्हा रस्त्यावर दोन्ही बाजूंना कुणी नाही असं पाहून, मी आपली हळूच ओ दिली. ती कुणाला पोचली, की फार उशीर झाला होता, मला माहीत नाही.