बोहणीच्या आधीची बैठक

तामसीच्या बसथांब्याजवळ आमची दोन किराणा दुकानं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. एक माझं, म्हणजे नागोरावचं, आणि दुसरं सुधाकररावांचं. त्यांचा मुलगा राजकुमार हैदराबादच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरवाला. काम मात्र घरूनच, दुकानामागच्या कोठीत, गुळाच्या भेल्यांशेजारी टेबल टाकून. सहा जणांच्या टीमचा तो म्होरक्या. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे त्या टीमचा फुकटातला सातवा माणूस मी.

रोज सकाळी साडेनऊला त्यांची बैठक. तिला स्टँडअप म्हणतात. सगळ्यांनी आपापल्या घरी कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं आणि काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, एवढं सांगून मोकळं व्हायचं. उभं राहिलं की पाय दुखतात आणि माणूस थोडक्यात आटपतो, अशी त्यातली अक्कल. आमचा पठ्ठ्या मात्र साखरेच्या पोत्यावर बूड टेकून बाकीच्यांना पाऊण पाऊण तास उभं ठेवायचा. आधी एक सुविचार, मग हजेरी, मग एकेकाची झाडाझडती. जुन्या काळचा पटवारी रयतेला कचेरीत उभं करायचा, त्याला तरी सुविचार सांगायची खोड नव्हती.

शिवाय त्यानं एक नियम काढला होता, आणि तो आला होता थेट बापाच्या गल्ल्यावरून. आमच्यात पहिली विक्री, म्हणजे बोहणी, होईपर्यंत दुकानदार गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणत नाही. म्हटलं की अख्खा दिवस वाया गेला म्हणून समजा. राजकुमार या वळणात वाढलेला. सकाळची बैठक ही त्याच्या मते टीमची बोहणी, म्हणून तिथंही 'नाही' चालत नसे.

त्याच्या टीममध्ये निर्मल गावची मीनल नावाची मुलगी होती. बियाणं विकणाऱ्यांसाठी ते ॲप बनवत होते आणि शेतकऱ्यानं पैसे भरायचा भाग तिच्याकडे होता. एका सोमवारी ती म्हणाली, "सर, पैसे भरणं चालू होऊन नाही राह्यलं. बँकेची परवानगी अडकली. माझं कोणी ऐकत नाही. तुमी वरच्या साहेबांना एक मेल टाकता काय?"

"मीनल, सकाळच्या पारी रडगाणं काऊन गाऊन राह्यली? होऊन राह्यलं, असं म्हनाव माणसानं."

"पण सर..."

"म्हन, होऊन राह्यलं."

"होऊन राह्यलं, सर."

दुसऱ्या दिवसापासून साऱ्या टीमला शहाणपण आलं. मराठीत होऊन राह्यलं, हिंदीत हो रहा है. एकाचा लॅपटॉपच बंद पडला होता, तरी तो मोबाइलवरून हो रहा है म्हणाला. राजकुमार खूश. संध्याकाळी मला सांगायचा, "काका, आपल्या टीमले अडचणच नाही." मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची.

कारण बापाचा नियम या दीडशहाण्यानं अर्धाच उचलला होता. सुधाकरराव सकाळी 'नाही' म्हणत नाहीत, खरं आहे. पण दुकानात जिरं संपलेलं असलं तर "बसा, देतो" म्हणतात आणि बायकोला, बयनाबाईंना, मागच्या दारानं माझ्याकडे पिटाळतात. जिरं जातं, बोहणी होते, अब्रू राहते. वर्षानुवर्षं मीही त्यांच्याकडून तसंच आणत आलोय. पोरानं तोंड बंद करणं तेवढं घेतलं आणि मागचं दार विसरला. एक मेल टाकायला याची बोटं झिजणार होती काय?

गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण कंपनीनं फर्मान काढलं होतं की ज्या टीमचं काम वेळेत होईल तिनं खुशाल घरी राहावं, बाकीच्यांनी हैदराबादला यावं. आणि इकडे सुधाकररावांचे डोळे अधू झाले होते. तुरीची डाळ आणि चण्याची डाळ त्यांना वेगळी दिसत नाही. राजकुमार पोती उतरवून घ्यायचा, डबे ठरल्या जागी लावायचा, बैठक आटोपली की मधून मधून गल्ल्यावर बसायचा. तेवढ्यावर दुकान चाललं होतं. "पोरगा घरी हाय म्हून शटर उघडतो, नागोराव," हे म्हातारा मला म्हणाला होता. पोराला नाही म्हणाला.

ॲप दाखवायचा दिवस आला. बियाणंवाले आणि मोठे साहेब कॅमेऱ्यावर. मी काटा पुसत कान भिंतीला लावून होतो. पैसे भरायची वेळ आली आणि ॲप तिथंच अडकलं.

"ये कब से अटका है?" साहेबांचा आवाज.

मीनल बोलली, "पहले ही हफ्ते बोली थी, सर. फिर बोलने को मना हुआ."

"तो सुबह सुबह मीटिंग में करते क्या हो?"

पलीकडे साखरेचं पोतं सरकल्याचा आवाज आला, राजकुमार पहिल्यांदाच उभा राहिला असावा.

साऱ्या टीमला हैदराबादचं बोलावणं आलं. ज्या पोरीनं खरं सांगितलं, तिलाही निर्मलहून बोचकं बांधावं लागलं. याचा मला जास्त संताप आला.

जायच्या दिवशी मी शटर वर करत होतो. सुधाकररावांनी नुकतीच उदबत्ती लावली होती. राजकुमार खांद्याला बॅग अडकवून गल्ल्यापुढे येऊन उभा राहिला.

"बाबा, निघून राह्यलो. दुकान जमते ना तुमाले? काई अडचण?"

बोहणी व्हायची होती. म्हाताऱ्यानं गल्ल्याला हात लावून नमस्कार केला.

"जमते ना, बापा. अडचण कायची?"

राजकुमारचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणावंसं वाटलं, अरे गाढवा, हाच प्रश्न दुपारी विचार, दोन गिऱ्हाइकं झाल्यावर विचार. पण माझीही बोहणी व्हायची होती, आणि बस येऊन उभी राहिली होती. तो हात हलवत चढला.

बस वळली आणि एक बाई सुधाकररावांच्या दुकानात शिरली. अर्धा किलो तुरीची डाळ मागितली.

"बसा, देतो," ते म्हणाले, आणि दोन डब्यांवर हात फिरवत उभे राहिले.