आबांच्या गादीखालचा फोन

मंडळी, हे आजच घडलंय, म्हणून लगेच लिहितोय.

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन मागून फुगला होता. कव्हर बसेना म्हणून त्यांनी त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं होतं. आज सकाळी बॅटरी बदलायला त्यांना घोडेगावला घेऊन गेलो.

मोबाईलवाल्या सलीमभाईंनी रबर काढलं, तशी मागची बाजू आपोआप वर आली. आत बॅटरी पुरीसारखी टम्म. त्यांनी ती पट्टीनं हळूच सोडवली आणि बाहेर वाळूच्या बादलीत नेऊन ठेवली.

"काका, ही दाबली गेली असती तर जाळ झाला असता. फुगल्यावर ठेवत कुठं होता?"

आबा सहज म्हणाले, "गादीखाली. म्हणलं, रातभर अंगाखाली दाबला की बसंल. सकाळी जरा बसायचा बी."

माझी चार वर्षांची पोरगी रोज आबांच्या कुशीत झोपते.

घरी आल्या आल्या गादी उलटी केली. खालच्या बाजूला तळहाताएवढा करपल्यासारखा डाग आहे.

आबांवर ओरडलो नाही राव. कोणत्या तोंडानं ओरडू? महिन्यापूर्वी त्यांनी फोन दाखवला तेव्हा मीच म्हणालो होतो, "चालतोय ना? मग राहू द्या."

लाईक नंतर करा. आधी उठा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची गादी उचलून बघा.