चार बोटं उजेड

फोटोत सगळ्यांच्या खांद्यांत बांबू रुतलाय. माझ्या खांद्यावर मात्र बांबूच्या खाली चार बोटं उजेड दिसतो.

कामानिमित्त मी फिलिपिन्समधल्या या भातशेतीच्या खेड्यात राहतो. शेजारच्या सेला आजीचं घर नदीकाठी होतं. काठ खात खात नदी दारापाशी आली, तेव्हा काल गावानं घरच उचललं. बांबूच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर. खाली लांब बांबू घालून पुरुषांनी ते अख्खं घर खांद्यावर घेतलं आणि शेतांपलीकडे निघाले. आजीच्या लहानपणीही ते असंच चालत इथे आलं होतं म्हणे. या कामाची मजुरी कोणी घेत नाही. घरवाल्यानं फक्त जेवू घालायचं.

आपल्याकडे खांदा देतात तो माणूस गेल्यावर. इथे माणसानं राहावं म्हणून देतात. हा सुंदर विचार मला शेताच्या बांधापर्यंत पुरला. बांध चढताना वजन जाणवलं. मी सगळ्यांत उंच, म्हणजे जास्त भार माझ्यावरच यायचा. मी गुडघ्यांत जरासा वाकलो, एवढंच. माझ्यापुढचा रामोन कण्हला, पण थांबला नाही.

नव्या जागी आजीनं कोंबडी आणि आलं घातलेली गरम पेज वाढली. तंगडी नेमकी माझ्या वाडग्यात टाकली.

"परका असून उचललंस रे पोरा. खांदा दुखतोय ना?"

"थोडासा," मी म्हणालो. आणि रामोनच्या शेजारी बसून खांदा चोळला.